आधी उतरायचं कसं ते विचार

तुझी दोन्ही माहितीपत्रकं वाचली. एकात वीस मजली जहाज, त्यावर पाण्याच्या घसरगुंड्या, नाटकघर, बाग. दुसऱ्यात शंभरेक माणसांची लहान बोट आणि तिच्या डेकवर जाडजूड जाकिटं घालून दुर्बिणीतून कुठेतरी बघणारी चार म्हातारी माणसं. खाली तुझा प्रश्न : "आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, यातलं कुठलं बुक करू? मामा, तू जन्म जहाजावर काढलास, तूच सांग."

जन्म काढला तो मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये. बंदर आलं की आम्ही पंप उघडून बसायचो, शहर बघायला कोण जातंय! शहरं बघितली ती निवृत्तीनंतर, तुझ्या मामीबरोबर, तिकीट काढून. त्यात एकदा चांगलाच पस्तावलो, दोन-तीनदा जमलं. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

जहाज बघून जहाज ठरवू नकोस. उतरायचं कसं ते आधी विचार.

हे मला आणि तुझ्या आईला लहानपणी कोकणातल्या मुसाकाजी बंदरातच कळलं होतं. मुंबईहून निघालेली आगबोट तिथे बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. मग किनाऱ्यावरून पडाव यायचे. लाटेबरोबर पडाव वर आला की शिडीवरून त्यात पाय टाकायचा, खाली गेला की थांबायचं. खलाशी मनगट धरायचा, आणि पाणी उथळ झालं की पोरांना खांद्यावर घेऊन वाळूत नेऊन ठेवायचा. रात्री बोटीवर काय खाल्लं ते आज आठवत नाही. उतरलो कसा ते लख्ख आठवतं.

त्या वीस मजली जहाजालाही जिथे धक्का नाही तिथे हेच करावं लागतं. नांगर टाकायचा आणि माणसं लहान बोटींनी किनाऱ्यावर धाडायची. पडावाला आता टेंडर म्हणतात, एवढंच. हिशेब करून बघ. चार हजारांतल्या तीन हजारांना उतरायचंय. टेंडरमध्ये शंभर माणसं धर, म्हणजे तीस खेपा. चार टेंडर असले आणि चढ-उतार धरून एका फेरीला चाळीस मिनिटं लागली, तर शेवटचा माणूस किनाऱ्याला लागेपर्यंत पाच तास होतात. संध्याकाळी तीच रांग उलटी. मधे उरतं ते तुझं गाव.

आमचं सँटोरिनीला असंच झालं. तिथे ज्वालामुखीच्या विवरातलं पाणी इतकं खोल, की मोठ्या जहाजांना धक्का नाहीच. आम्हाला एक आकड्याचा कागद मिळाला आणि नाटकघरात बसवलं. नंबर लागला तेव्हा बारा वाजून गेले होते. खाली उतरल्यावर वर गावात जायला रोपवे, त्याला आणखी रांग. फिरा नावाच्या त्या गावात जेमतेम सव्वा तास मिळाला. त्यातला अर्धा तास मामीला स्वच्छतागृह शोधण्यात गेला. त्या बेटानं आता २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझप्रवाशांची मर्यादा घातली आहे, पण रोपवे आहे तेवढाच आहे.

तेव्हा एजंटला फोन करशील तेव्हा जेवणाचं आणि स्विमिंग पूलचं नंतर विचार. आधी हे विचार : कुठल्या बंदरात धक्क्याला लागतं, कुठे नांगर टाकतं? लहान बोटी किती? पहिला आणि शेवटचा उतरणारा यांच्यात किती वेळ जातो? "सगळी व्यवस्था असते मॅडम" असं उत्तर आलं, तर दुसरा एजंट बघ.

दुसरं, बंदराचं नाव नीट वाच. पत्रकात 'रोम' लिहिलेलं असतं, जहाज लागतं ते चिवितावेक्कियाला, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, आणि बसमध्ये जाऊन-येऊन पाच तास. व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरून तर ऑगस्ट २०२१ पासून २५,००० ग्रॉस टनांवरच्या जहाजांना जायलाच बंदी आहे, ती मार्गेराच्या कारखान्यांच्या बाजूला किंवा दुसऱ्याच बंदरात लागतात. उलट सेन नदीतली लहान बोट थेट पॅरिसात उभी असते. जेवून फिरायला बाहेर पडावं, झोपायला परत यावं. मोठ्या जहाजाला जेवढं खोल पाणी लागतं, तेवढंच त्याचं गाव लांब जातं.

ग्रॉस टन हे वजन नव्हे बरं का. आमच्या धंद्याबाहेरची माणसं इथे हमखास चुकतात. जहाजाच्या आत बंदिस्त जागा किती, त्याचं ते माप. म्हणून त्या आकड्याला प्रवाशांच्या संख्येनं भाग, माणशी ऐसपैस जागा किती ते कळेल. २०२४ साली आलेलं आयकॉन ऑफ द सीज घे. २,४८,६६३ ग्रॉस टन, आणि खोलीत दोघं धरून ५,६१० प्रवासी. भागाकार ४४ येतो. पण खोल्या पोराबाळांनी भरल्या की तिथे ७,६०० माणसं मावतात, मग तोच आकडा ३३ च्या खाली. पत्रकात नेहमी पहिला हिशेब असतो, दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्याला दुसरा भोगावा लागतो. आणि हा भागाकार लहान बोटीचाही कर. लहान म्हणजे मोकळी असं मुळीच नाही. काही लहान बोटींत कपाट उघडायचं तर दुसऱ्यानं पलंगावर बसावं लागतं.

आता त्या जाकिटवाल्या म्हाताऱ्यांचं. ते पत्रक अंटार्क्टिकाचं आहे, आणि लहान बोट का घ्यायची हे तिथे नियमानंच ठरलंय. पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला तिथे माणसं उतरवताच येत नाहीत. ती जहाजं जातात, पण लोक डेकवरून बर्फ बघून परततात. पाचशेच्या आतलं असलं तरी एका जागी एका वेळी शंभरच माणसं जमिनीवर. म्हणजे शंभरांच्या बोटीत सगळे एकदम उतरतात, दोनशेंच्या बोटीत अर्धे उतरतात आणि अर्धे कॉफी पीत वाट बघतात. चारशेंच्या बोटीत काय होत असेल ते तूच काढ. पैसे तेवढेच, जमिनीवरचे तास निम्म्याहून कमी. गालापागोसला तर बोटच शंभरांच्या वरची चालत नाही, आणि एका गाइडमागे सोळाच माणसं.

मी आणि मामी अंटार्क्टिकाला गेलो होतो. उशुआया बंदरातून निघाल्यावर ड्रेक पॅसेज ओलांडायला दोन दिवस, परतीचे दोन. ते चार दिवस सफरीच्या दिवसांतून वजाच कर, कारण बरेच जण आडवे असतात. पुढे रोज रबरी बोटींतून उतरवतात, झोडियाक म्हणतात त्यांना. तिथे शिकवलेली पहिली गोष्ट ऐकून मी हसलोच : हात हातात द्यायचा नाही, मनगट मनगटात द्यायचं. ओले हात सुटतात, मनगटाची पकड सुटत नाही. हे आमच्या मुसाकाजीच्या खलाशाला कुणी शिकवलं होतं? दोन्ही हात मोकळे ठेव, कॅमेरा पिशवीत. बोटीत उभं राहायचं नाही, कडेच्या फुगीर नळीवर बसून सरकत जायचं, पाय बाहेर टाकायचे आणि नडगीभर पाण्यात उतरायचं. गमबूट पुष्कळ बोटींवर मिळतात, बुक करतानाच विचारून घे. नव्या बुटांवर पैसे घालवू नकोस.

म्हणूनच ही सफर आईबाबांना नको. आईचे गुडघे तुला माहीत आहेत. गुडघे चालतायत तोवर अंटार्क्टिका तुम्ही नवराबायकोनं करा.

बोट लागण्याचं मोठ्या-लहान दोन्हींबद्दल सांगून ठेवतो. लहान बोट जास्त हलते, यात वाद नाही. मोठं रुंद जहाज सावकाश डोलतं, शिवाय पाण्याखाली पंख बाहेर काढून डोलणं मोडून काढतं. तू आग्रहानं लहान घेशील आणि वडील तीन दिवस बादली धरून बसतील, तर ती भेट कसली? खोली मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घे. टोकाची आणि वरची खोली महाग असते आणि हिंदोळेही तिलाच जास्त. गच्ची नसली तरी चालेल. गोळी बोट सुटण्याआधी घ्यायची, लागल्यावर नव्हे, आणि बाबांच्या हृदयाच्या गोळ्यांबरोबर चालते का ते डॉक्टरांना विचारून. पोट रिकामं ठेवू नये. आल्याचा तुकडा आणि नजर क्षितिजावर. मोबाइल खिशात.

जहाजाचा नकाशा मागवलास की खोलीच्या वर काय, खाली काय ते बघ. वर स्वयंपाकघर असलं तर पहाटे चारला भांडी. अगदी पुढची खोली असली तर नांगराची साखळी सुटते तेव्हा छप्पर कोसळल्यासारखं वाटतं. मागची असली तर पंख्याची थरथर. लहान बोटीत इंजिन कुठूनच लांब नसतं. मला त्या आवाजाशिवाय झोप येत नाही, पण तू माझ्यावर जाऊ नकोस.

आईबाबांसाठी माझ्या मनात दोन जागा आहेत. एक नॉर्वे. तिथे १८९३ पासून किनाऱ्यानं जाणारी, टपालासाठी सुरू झालेली बोट चालू आहे, हुर्टिग्रुटेन, बर्गेन ते किर्केनेस आणि परत. बारा दिवसांत चौतीस बंदरं. आपल्या कोकण बोटीची सख्खी बहीणच ती. माल चढतो, गावकरी दोन बंदरांपुरते चढतात-उतरतात, पर्यटक मधे उभे. कासिनो नाही, नाच नाही. ती धक्क्याला लागते, गँगवेवरून चालत उतरायचं, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न मिटला. मात्र काही बंदरांत पंधरा-वीस मिनिटंच थांबते, काही तर मध्यरात्री. जाताना रात्री निसटलेली बंदरं परतीच्या वाटेवर दिवसा मिळतात, म्हणून एकेरी तिकीट काढू नकोस. आणि युरोपात कुठेही जलप्रवास करणार असाल तर व्हिसा मल्टिपल एंट्रीचा माग. तुर्कस्तान, माँटेनिग्रो किंवा इंग्लंडला बोट लागली की तुम्ही शेंगेन व्हिसाच्या हद्दीबाहेर गेलात, परत आत घेणार कसं?

दुसरी जागा ब्रह्मपुत्रा, आणि माझं मत तिकडे झुकतं. बारा खोल्यांची बोट होती आमची. नदीत लाट नाही, त्यामुळे बोट लागणं नाही. रात्री चालत नाही. पात्रातली वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, पाणी कुठे छातीभर, कुठे घोट्याएवढं, म्हणून वाट दाखवणारा वाटाड्या लागतो आणि अंधार पडला की वाळूच्या बेटाला दोर बांधून थांबायचं. सकाळी उठलो तर खलाशांनी मऊ काठात फावड्यानं पायऱ्या खोदल्या होत्या आणि बोटीवरून फळी टाकली होती. त्या पायऱ्यांवरून मामी चढली, पलीकडे माजुली बेटावरच्या सत्रात, म्हणजे वैष्णव मठात, मुखवटे करणाऱ्याच्या अंगणात दीड तास बसली. कुणाला घाई नव्हती, कारण आम्ही होतोच वीस जण. वाटेतलं काझीरंगाचं जंगल पावसाळ्यात बंद असतं, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारी धर. प्रवाहाबरोबर खाली येणारी सफर लवकर आटोपते, उलटी जाणारी लांबते. दोन्हींचे दिवस आणि दर वेगळे असतात, तुलना करताना फसू नकोस.

तिथे आचारी एकच, तो दुसऱ्या दिवशी स्वतः विचारायला आला की काय खाणार. पण पथ्याचं बुक करतानाच कळव, कारण मधल्या वाळूत दुकान नाही. मेतकूट आणि लसणाची चटणी बरोबर असू दे. डॉक्टरचंही तसंच. बोटीवर आहे का, जवळचं इस्पितळ किती तासांवर, हे लेखी घे, बाबांच्या स्टेंटचे कागद बरोबर ठेव, आणि विम्यात वाटेतून उचलून आणण्याचा खर्च धरलाय का बघ. याबाबतीत मोठं जहाज उजवं, तिथे दवाखाना असतो. नातू दहा वर्षांचा आहे, त्याला घसरगुंडीच हवी असेल, तर त्याच्यासाठी निराळी सुट्टी काढा, चार रात्रींचं मोठं जहाज घ्या आणि बंदरात उतरायच्या भानगडीतच पडू नका. रिकामं जहाज म्हणजे मजा असते. सगळे गावात गेलेले, तरण तलाव मोकळा.

पैशाचं म्हणशील तर लहान बोट महाग दिसते. मोठ्या जहाजाच्या तिकिटात बक्षिसी, इंटरनेट, बंदरावरच्या सहली, कधी कधी पाण्याची बाटलीसुद्धा धरलेली नसते. ते सगळं मिळव, आणि एकूण रकमेला जमिनीवरच्या तासांनी भाग. आम्ही सँटोरिनीच्या त्या सफरीचा असा भागाकार केला, तेव्हा मामीनं वही बंद करून ठेवली.

तेव्हा ब्रह्मपुत्रेच्या बोटीचा नकाशा मागव आणि मला पाठव. आईला अजून काही सांगू नकोस. फक्त सहज विचार, मुसाकाजीला पडावात उतरताना काय झालं होतं. मी सहा वर्षांचा, ती चार. पडाव खाली गेला तेव्हा तिनं पाय टाकला होता, एक चप्पल पाण्यात गेली, आणि खलाशाच्या खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत ती दुसरी चप्पल त्याच्या डोक्यावर आपटत होती. ती हसत सांगते की नाही बघ. नाही हसली तर मला फोन कर, मग आपण आगगाडीचं बघू.