खोबरेलाचा विवेक

आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या काळ्या मातीत संत्री पिकतात, नारळ नव्हे. तरी जामसावळीस मारुतिरायापुढे नारळ वाढवावयाचा आणि घरी खोबरेलाची बाटली ठेवावयाची, हा आपला परिपाठ. माघातील थंडीत ते तेल गोठले की भेसळीची शंका घेतली जाते. ती अनाठायी होय; सुमारे २४ अंशांखाली खोबरेल स्वभावतःच थिजते.

केसांना त्याचा गुण खरा आहे. मुंबईतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सूर्यफुलाचे व खनिज तेल केसांतील प्रथिनांची झीज थांबवू शकले नाही. खोबरेलाने ती कमी झाली, कारण त्यातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते. न्हाण्यापूर्वी लावणेही उपयोगी. कोंडा असल्यास मात्र हात आखडता घ्यावा, कारण कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. कोरड्या त्वचेस ते चांगलेच. आहारात बेतानेच असावे. त्यातील आठ-नऊ दशांश स्निग्धांश संतृप्त असून रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवितो.

भाजल्यावर मात्र ते लावू नये. आरतीचा पेटता कापूर मातोश्रींच्या मनगटावर पडला, तेव्हा आम्ही धावत जाऊन खोबरेलच चोळले. दाह वाढला. तेलाने उष्णता आत कोंडते, आधी २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली हात धरावयास हवा होता, असे डॉक्टरांनी सांगितले. तो व्रण आरतीच्या वेळी आम्हांस अजून दिसतो. आता गाभाऱ्याबाहेर पाण्याची भरलेली घागर आम्ही ठेवतो.