मीठ मागवलं, मेणबत्ती कशी आली?

प्रश्न : किराणा मागवायच्या अॅपवर मी मिठाची पिशवी घ्यायला जातो आणि बिस्किटं, मोबाइलचं कव्हर, सुगंधी मेणबत्ती असं काहीबाही घेऊन बसतो. कोपऱ्यावरच्या दुकानात असं होत नाही. माझंच मन कच्चं, की अॅपमध्ये काही गोम आहे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मनाला एवढा दोष देऊ नका. मोह दुकानातही होतोच. गल्ल्याशेजारच्या बरणीत चॉकलेटं उगाच ठेवलेली नसतात. पण तिथं वस्तू हातात घ्यावी लागते, थांबावं लागतं, पाकीट काढून नोटा मोजाव्या लागतात. यातल्या प्रत्येक टप्प्यावर ‘राहू दे’ म्हणायला सवड मिळते. अॅपची रचना करणारे नेमके हे टप्पे कमी करतात.

या टप्प्यांना किती मोल आहे पाहा. पत्ता आणि कार्डाचा तपशील एकदा साठवला की पुढची खरेदी एका क्लिकवर व्हावी, या पद्धतीचं पेटंट अॅमेझॉनला १९९९ मध्ये अमेरिकेत मिळालं. त्यावरून बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीशी कोर्टकज्जा झाला आणि अॅपलने २००० मध्ये ही पद्धत वापरण्याचा परवाना विकत घेतला. पेटंटची मुदत २०१७ मध्ये संपली.

दुसरी गोष्ट पैशांची. नोट हातातून जाताना जेवढं जिवावर येतं, तेवढं कार्ड देताना येत नाही. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून अधिक निघाली. आपल्याकडे ओटीपी किंवा यूपीआयचा पिन सुरक्षेसाठी असतो, पण त्या निमित्ताने क्षणभर विचारही होतो. यूपीआय लाइटवर छोट्या रकमांना पिन लागत नाही, म्हणजे तोही क्षण गेला.

तिसरा भाग आकड्यांचा. ‘आणखी ७० रुपयांची खरेदी करा, डिलिव्हरी मोफत’ असं दिसलं, की २५ रुपये वाचवायला आपण ७० रुपयांची वस्तू शोधू लागतो. तुमची मेणबत्ती बहुधा याच वाटेने आली असावी!

मग हे सगळं बेकायदा आहे, असा एक समज आहे. तसं नाही. पत्ता लक्षात ठेवणं किंवा बटण ठळक करणं ही सोय झाली. ‘फक्त २ शिल्लक’ हेही खरं असेल तर माहितीच. खोटं असेल तर मात्र फसवणूक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ क्लृप्त्या नमूद करून त्यांना मनाई केली आहे. खोटी घाई लावणं, न विचारता बिलात विमा किंवा देणगी घुसवणं, नकार देणाऱ्याला शरमिंदं करणारी वाक्यं दाखवणं, काही शुल्क अगदी शेवटी उघड करणं, सदस्यत्व रद्द करण्याची वाट लपवणं, या त्यातल्या काही.

सोय आणि सापळा ओळखायची एक सोपी कसोटी आहे : घेताना किती वेळा बोट लावावं लागतं आणि रद्द करताना किती? दोन्हीकडे सारखीच सुटसुटीत वाट असेल, तर बहुधा सोय. घेताना एक बटण आणि सोडताना पाच पडदे असतील, तर सावध व्हा.

उपाय एकच, काढून टाकलेले टप्पे आपणच परत घालायचे. साठवलेलं कार्ड काढून टाका, ऑफरच्या सूचना बंद करा, यादीबाहेरची वस्तू कार्टमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पाहा. पैसे भरण्यापूर्वी बिलाची ओळन् ओळ वाचा. न मागितलेलं काही त्यात दिसलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर कळवा.