चित्रफितीचे छाटलेले टोक

प्रश्न : माझा नववीतला मुलगा मोबाइलवर आलेले काहीही खरे मानतो. हटकले की म्हणतो, “आई, व्हिडिओच आहे ना!” काय करावे?

उत्तर : डोळ्यांनी पाहिलेले प्रमाण मानावे, हे आपणच मुलांना शिकविलेले असल्यामुळे त्याचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही, म्हणून उपदेशापूर्वी त्याच्यापुढे एक दाखला ठेवावा. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून जी चित्रफीत देशभर फिरली, जीत मोटारसायकलवरचे दोघे गल्लीतल्या पोराला उचलून नेताना दिसत, ती वस्तुतः कराचीतील पालकांना सावध करण्यासाठी रचलेली होती. अखेरीस ते दोघे मुलाला परत आणून सोडतात व फलक दाखवितात, तेवढाच भाग कोणीतरी छाटला होता. अशाच अफवांच्या भरात १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, भिक्षेवर गुजराण करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा जमावाने बळी घेतला.

दृश्य अस्सल असूनही हकीकत बनावट असू शकते, हे त्याला येथे उमगेल. मग चौकशीचे काम त्याच्याकडेच सोपवावे : चित्रफीत कोठे तुटते, दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत, हेच दृश्य पूर्वी अन्यत्र आले होते काय? चित्रावरून उलट शोध घेण्याची करामत तो आपल्याआधी आत्मसात करील. मात्र कुटुंबाच्या गटात काकांनी सुप्रभातासह धाडलेले मधुमेहाचे रामबाण उपायही त्याच चौकशीत दाखल करावेत. वडीलधाऱ्यांना माफी दिली, तर त्याच्या लेखी सारा खटलाच बाद.