संगणकाची अनोळखी वर्दळ : नित्यक्रम की उपद्रव?

दिल्लीच्या सीमेला लागून, यमुनेच्या पूर्वेस वसलेले नोएडा हे शहर १९७६ साली औद्योगिक वसाहत म्हणून आखले गेले. कालांतराने कारखान्यांच्या जोडीला संगणक-उद्योगही तेथे येऊन स्थिरावला. इंटरनेटच्या इतिहासात या शहराचे नाव दोन अगदी भिन्न कारणांनी घ्यावे लागते.

पहिले कारण विधायक आहे. भारतातील दोन इंटरनेट कंपन्यांच्या ग्राहकांमधील संदेश पूर्वी पुष्कळदा परदेशात जाऊन मग पुन्हा भारतात येत असत. हा वळसा टाळण्यासाठी २००३ साली 'निक्सी' म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि देशांतर्गत संदेशांच्या अदलाबदलीचे तिचे पहिले केंद्र नोएडा येथे सुरू झाले.

दुसरे कारण खेदजनक आहे. २०१८च्या नोव्हेंबर महिन्यात मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या तक्रारींवरून नोएडा आणि गुरुग्राम येथील सोळा कॉल सेंटरांवर पोलिसांनी छापे घातले. 'तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे' असे परदेशातील लोकांना भासवून, नसलेल्या आजारावरील उपचाराचे पैसे उकळावयाचे, असा आरोप या केंद्रांवर होता. हा प्रकार तेव्हाही नवा नव्हता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२च्या ऑक्टोबरातच अशा टोळ्यांविरुद्ध कारवाई केली होती आणि त्यांतील बहुतेकींचे धागेदोरे भारतात होते.

या फसवणुकीची रीत अभ्यासण्याजोगी आहे. ठक नेहमीच खोटा पुरावा निर्माण करीत नाही. पुष्कळदा तो खराच पुरावा दाखवितो, मात्र त्याचा अर्थ खोटा सांगतो. गिऱ्हाइकाला तो 'नेटस्टॅट' ही आज्ञा संगणकाला द्यावयास लावतो. पडद्यावर आकड्यांची लांबलचक यादी उमटते आणि तिच्यातील एका स्तंभावर 'फॉरिन ॲड्रेस' असे शीर्षक असते. 'पाहा, हे परदेशी चोर तुमच्या संगणकात शिरले आहेत,' असे सांगितले की अनभिज्ञ मनुष्य हादरतो. तेव्हा या यादीचा खरा अर्थ समजून घेणे, हेच या भीतीवरील पहिले औषध होय.

यादीचा अर्थ

संगणकशास्त्रात 'फॉरिन' याचा अर्थ परदेशी असा नसून 'पलीकडील टोकाचा' एवढाच आहे. शेजारच्या खोलीतील प्रिंटरचा पत्ताही याच स्तंभात येतो. १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरावयाचे असतात, १२७.०.०.१ हा तर संगणकाचा स्वतःचाच पत्ता होय.

पत्त्याच्या शेवटी विसर्गचिन्हानंतर येणारा आकडा पोर्टचा असतो. इमारतीचा पत्ता एकच असला तरी तिच्यातील खोल्या जशा क्रमांकांनी ओळखल्या जातात, तसेच हे क्रमांक होत. ४४३ हा सुरक्षित संकेतस्थळांचा, ५३ हा नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, तर २५ हा ई-मेल वाहून नेणाऱ्या यंत्रणेचा. 'लिसनिंग' म्हणजे दार उघडे ठेवून कोणाची तरी वाट पाहणे. 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे संभाषण चालू असणे. 'टाइम वेट' म्हणजे संपलेल्या संभाषणाची नोंद पुसली जाण्यापूर्वीचा अल्पकाळ. या शेवटच्या नोंदींपुढे विंडोज प्रोग्रामाचा क्रमांक म्हणून शून्य दाखविते. त्यात गूढ असे काहीही नाही.

निरोगी संगणकाची हालचाल

मालक झोपलेला असला तरी संगणक झोपतोच असे नाही. तो विंडोजची अद्ययावत आवृत्ती उतरवून घेतो, अँटिव्हायरसला नव्या धोक्यांची सूची पुरवितो, घड्याळ जुळवितो, छायाचित्रांच्या प्रती दूरच्या साठ्यात पाठवितो. विंडोज १० पासून तर एका संगणकाने उतरविलेली आवृत्ती इतरांना वाटण्याचीही सोय आहे. त्यामुळे काहीही न करता माहिती बाहेर जात असलेली दिसू शकते. ब्राउझरमध्ये वृत्तपत्राचे एक पान उघडले तरी मजकूर, चित्रे आणि जाहिराती यांसाठी अनेक ठिकाणांशी एकाच वेळी संपर्क होतो. सारांश, जोडण्यांची संख्या मोठी असणे हा रोगाचा पुरावा नव्हे.

परीक्षेची पद्धत

म्हणून प्रश्न 'किती वर्दळ आहे?' असा नसून 'कोण, कोठून, कशासाठी?' असा विचारावयास हवा. त्यासाठी प्रथम ब्राउझर आणि इतर सर्व चालू कामे बंद करावीत आणि संगणक दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ राहू द्यावा. त्यानंतर विंडोजमधील 'रिसोर्स मॉनिटर' उघडून त्यातील नेटवर्क हा विभाग पाहावा. कोणता प्रोग्राम किती माहिती पाठवीत आहे आणि किती घेत आहे, हे तेथे नावानिशी दिसते. नेटस्टॅट या आज्ञेपुढे आडवी रेघ देऊन 'ए, एन, ओ' ही तीन इंग्रजी अक्षरे जोडल्यास प्रत्येक जोडणीपुढे प्रोग्रामाचा क्रमांक येतो. तोच क्रमांक 'टास्क मॅनेजर'मध्ये शोधला असता प्रोग्रामाचे नाव कळते.

केवळ नावावर मात्र विश्वासू नये. 'एसव्हीसीहोस्ट' हा विंडोजचा प्रामाणिक सेवक आहे आणि त्याच्या अनेक प्रती एकाच वेळी चालू असणे स्वाभाविक आहे. परंतु अपायकारक प्रोग्रामही पुष्कळदा हेच नाव धारण करतात. अस्सल प्रत विंडोजच्या 'सिस्टिम ३२' या फोल्डरमध्ये असते. टास्क मॅनेजरमधील नावावर उजवी कळ दाबून फाइलचे ठिकाण पाहता येते. तात्पुरत्या फाइलींच्या किंवा डाउनलोडच्या फोल्डरमधून कोणी 'एसव्हीसीहोस्ट' चालत असेल, तर तो तोतया समजावा. फाइलच्या गुणधर्मांत निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी आहे की नाही, हेही पाहावे. स्वाक्षरी नसणे हा गुन्हा नव्हे. लहान निर्मात्यांचे अनेक चांगले प्रोग्राम तिच्यावाचून असतात. पण ठिकाण संशयास्पद, स्वाक्षरी नाही आणि वर्दळ अखंड, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर संशय बळावतो.

संशयित फाइल 'व्हायरसटोटल' या संकेतस्थळावर दिल्यास अनेक अँटिव्हायरसांचा अभिप्राय एकत्र मिळतो. तेथे दिलेली फाइल इतर अभ्यासकांच्याही हाती जाऊ शकते, म्हणून खाजगी कागदपत्रे तेथे कदापि देऊ नयेत.

खरी लक्षणे

काही लक्षणे मात्र गंभीर मानली पाहिजेत. घरगुती संगणक २५ क्रमांकाच्या पोर्टवरून शेकडो ठिकाणी संपर्क साधीत असेल, तर तो मालकाच्या नकळत जाहिरातींची पत्रे वाटीत असण्याचा संभव आहे. ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर एकामागून एक अनोळखी पत्ते चाचपडणे, हे २०१७च्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय'चे लक्षण होते. ठराविक मिनिटांच्या अंतराने एकाच पत्त्याशी अल्पसा संपर्क होणे हीही धन्याकडे आज्ञा मागण्याची खूण असू शकते; अर्थात ई-मेल तपासणारे निरुपद्रवी प्रोग्रामही असेच वागतात. अँटिव्हायरस आपोआप बंद पडणे, अथवा नेहमीच्या संकेतस्थळाऐवजी भलतेच पान उघडणे, ही लक्षणे त्यासोबत आहेत काय, हे पाहावे. 'डीएनएसचेंजर' या प्रोग्रामाने लाखो संगणकांतील पत्तेशोधक सेवा बदलून ठेवली होती. अमेरिकी तपासयंत्रणेने ती टोळी २०११च्या नोव्हेंबरात उघडकीस आणली.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. चतुर अपायकारक प्रोग्राम ४४३ हेच सर्वमान्य पोर्ट वापरतो आणि त्याचे संभाषण सांकेतिक असल्याने वाचता येत नाही. काही प्रोग्राम तर खुद्द यादीतूनच स्वतःचे नाव वगळतात. चोराच्या हाती हजेरीपट असेल तर त्यात चोराचे नाव सापडावयाचे नाही. अशा वेळी राउटरवरील नोंदी दुसऱ्या यंत्रावरून पाहणे आणि विंडोज सुरू होण्यापूर्वी चालणारी 'डिफेंडर ऑफलाइन' तपासणी करणे हे अधिक भरवशाचे असते.

उपाय

संशय दृढ झाल्यास प्रथम संगणकाची तार काढावी किंवा वाय-फाय बंद करावे. त्यानंतरच तपासणी करावी. बँकेचे व ई-मेलचे पासवर्ड बदलावेत, पण ते दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून. महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत काढून विंडोज पुन्हा नव्याने बसविणे, हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २०१७च्या २१ फेब्रुवारीस 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. बाधित संगणकांची माहिती हे केंद्र इंटरनेट कंपन्यांना देते, कंपन्या ती ग्राहकांना कळवितात, आणि स्वच्छतेची साधने विनामूल्य मिळतात. आरंभीच्या साधनांपैकी एक पुण्याच्या 'क्विक हील' कंपनीने दिले होते. आर्थिक फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. विलंब जितका कमी, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

एक भेद मात्र सदैव ध्यानात ठेवावा. कोणतीही प्रतिष्ठित कंपनी घरबसल्या गिऱ्हाइकाला आपण होऊन दूरध्वनी करून त्याच्या संगणकातील व्हायरसची वार्ता देत नाही, आणि पडद्यावर झळकणारा दूरध्वनी क्रमांक हा स्वतःच फसवणुकीचा पुरावा असतो. अशा माणसाच्या सांगण्यावरून दूरनियंत्रणाचा प्रोग्राम बसविणे म्हणजे ज्या चोराचे भय दाखविले गेले, त्याच्याच हाती किल्ली देणे होय. अज्ञानामुळे रोग दुर्लक्षित राहतो आणि अज्ञानामुळेच निरोगी मनुष्य भोंदू वैद्याच्या हाती सापडतो. यादी स्वतः वाचता आली, तर हे दोन्ही अनर्थ टळू शकतात.