विहिरीतील विष : ज्यूद्वेषाचा एक पाठ

इतिहास शिकविताना आपण लढाया आणि सनावळ्या पाठ करून घेतो; अफवेचा इतिहास मात्र क्वचितच शिकवितो. ज्यूद्वेष समजून घ्यावयाचा तर तेथूनच आरंभ करावा लागतो.

१३४८ साली युरोपात प्लेगने थैमान घातले. रोगाचे कारण कोणासही ठाऊक नव्हते. भयग्रस्त समाजाने उत्तर शोधले : ज्यूंनी विहिरींत विष कालवले! छळ करून तशा कबुल्याही वदवून घेतल्या गेल्या. ज्यूही याच रोगाने मरत आहेत, आणि जेथे ज्यू राहत नाहीत तेथेही साथ आहे, असे खुद्द पोप सहावे क्लेमेंट यांनी लेखी बजावले. पण कोणी ऐकले नाही. स्ट्रासबर्गच्या नगरकारभाऱ्यांनी ज्यूहत्येस विरोध केला, तेव्हा त्यांनाच पदच्युत करण्यात आले. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी तेथील शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. त्या दिवशी नगरात प्लेग पोहोचलाही नव्हता! ज्यूंकडून घेतलेली कर्जे मात्र त्यानंतर माफ झाली.

पुढे कारणे बदलत गेली, आरोपी तोच राहिला. आधी धर्म, मग पैसा, एकोणिसाव्या शतकात ‘वंश’. १९०३ साली रशियात ज्यूंच्या जागतिक कारस्थानाचा बनावट दस्तऐवज छापला गेला. १९२१ साली लंडनच्या ‘टाइम्स’ने तो खोटा असल्याचे सिद्ध केले, तरीही नाझींनी त्याचा प्रचार केला. त्यांच्या राजवटीत सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे प्रार्थनास्थळी ११ जणांची हत्या झाली, तीही अशाच कारस्थानाच्या कल्पनेतून.

पाणवठ्याची ही गोष्ट आपणांस परकी नाही. आपल्या पूर्वजांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले जाई. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करावे लागले. हे दोन इतिहास एक नव्हेत. पण जन्मावरून माणसाला दोषी ठरविण्याची रीत तीच. त्याच कोकणात बेने इस्राएल ज्यू शतकानुशतके राहिले. ते मराठी बोलत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणविले गेले. ते आपले शेजारीच होते.

मग आपण काय करावे? ‘हिटलर शिस्तीचा होता’ असे कौतुक आपल्याकडेही ऐकू येते. मुलाने तसे म्हटले तर रागावू नये; ती शिस्त कोणाला मारण्यासाठी राबविली गेली, हे त्याला सांगावे. इस्राएल सरकारच्या धोरणावर टीका जरूर करावी, पॅलेस्टिनींच्या दुःखाविषयी जरूर बोलावे. परंतु त्याचा जाब जगभरच्या ज्यूंना विचारू नये. मोबाइलवर एखाद्या समाजाविषयी आरोप आला, तर पुढे धाडण्यापूर्वी विचारावे : हे कोण सांगतो? पुरावा काय? यात लाभ कोणाचा?

स्ट्रासबर्गमध्ये हे प्रश्न विचारणारे थोडे होते, म्हणून ते हरले. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने त्यांची संख्या वाढवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.