मॅक्रोला फोल्डरचा पत्ता देताना : आधी तपासा, मग बिले ठेवा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आडत असो, मिरजेत सतार-तंबोऱ्याचा कारखाना असो की साताऱ्यात कंदी पेढ्यांचे दुकान असो, अनेक व्यापारी व कारागीर बांधव आज एक्सेलमध्ये बिले करतात. महिनाअखेरीस बटण दाबले की मॅक्रो प्रत्येक बिलाची पीडीएफ फाईल तयार करून सांगितलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. फोल्डरचा पत्ता मात्र दिवाणजी हाताने टाईप करतात. चूक होते ती येथेच, आणि बहुधा ती त्या दिवशी कळत नाही.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तपासणीच्या वेळी फाईल मिळाली नाही, तर संगणकाकडे बोट दाखवून सुटका होत नाही. म्हणून पत्ता कसा तपासावा, हे आपण क्रमाने पाहू.

१) पत्ता रिकामा नाही ना? दिवाणजींनी 'कॅन्सल' दाबले तर मॅक्रोच्या हाती कोरा मजकूर येतो. पुष्कळ मॅक्रोंत फोल्डर शोधण्यासाठी 'डिर' ही आज्ञा असते. तिला कोरा पत्ता दिला की ती चालू फोल्डरमधलेच काहीतरी शोधून देते आणि मॅक्रो 'फोल्डर आहे' असे समजतो. म्हणून कोरा पत्ता आल्यास तेथेच थांबावे.

२) पत्ता साफ करा. मागचेपुढचे मोकळे स्पेस 'ट्रिम'ने काढावेत. विंडोजमधून पत्ता कॉपी केल्यास दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हे येतात, तीही काढावीत. शेवटी उलटी तिरकी रेघ नसेल तर ती जोडावी. ती राहिली तर 'डी:\बिले' आणि 'हळद१२' यांची मिळून 'डी:\बिलेहळद१२' अशी फाईल बाहेरच पडते. मॅक्रो तक्रार करीत नाही आणि बिलांचा फोल्डर रिकामा राहतो.

३) फाईलचे नाव पाहा. आपले बिल क्रमांक '१२/२४-२५' असे असतात. जीएसटीच्या नियमांत बिल क्रमांकात तिरकी रेघ चालते. विंडोजला फाईलच्या नावात ती चालत नाही. तिला ती नव्या फोल्डरची खूण वाटते. तसेच तारा, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन ठिपके, दुहेरी अवतरणचिन्ह, कोनी कंस, उभी रेघ आणि उलटी तिरकी रेघही नावात चालत नाहीत. नाव बनवताना त्यांच्या जागी आडवी रेघ घालावी.

४) तेथे खरोखर फोल्डर आहे का? 'डिर'ला फोल्डर शोधायला सांगितले तरी त्या नावाची साधी फाईल असल्यास ती तिलाही होकार देते. शिवाय फोल्डरला 'हळद पट्टी' असे मराठी नाव असेल तर तिच्यासाठी त्या अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात. प्रश्नचिन्हाचा अर्थ तिच्या लेखी 'कोणतेही एक अक्षर' असा असल्याने भलत्याच नावाला होकार मिळू शकतो. त्याऐवजी फाईलसिस्टीमऑब्जेक्टमधील 'फोल्डरएक्झिस्ट्स' वापरावे. त्याला देवनागरी कळते आणि ते फक्त फोल्डरलाच होकार देते. साध्या इनपुटबॉक्सलाही मराठीची हीच अडचण असते. म्हणून पत्ता शीटवरील ठरलेल्या सेलमध्ये लिहून घ्यावा, किंवा फोल्डर निवडण्याची खिडकी दाखवावी. खिडकीमुळे टायपिंगच्या चुका टळतात.

५) तेथे लिहिता येते का? फोल्डर असला तरी त्यात लिहिण्याची परवानगी नसू शकते किंवा पेनड्राईव्ह भरलेला असू शकतो. एक छोटी फाईल लिहून व पुसून पाहिली तर परवानगीचा प्रश्न लगेच कळतो. पेनड्राईव्हचे अक्षरही बदलते. काल 'ई' होते ते आज 'एफ' होते. म्हणून सेलमधला मागच्या महिन्याचा पत्ता दर वेळी नव्याने तपासावा.

६) काम झाल्यावर मोजा. मिरजेच्या कारखानदाराने महिन्यात ४० बिले केली असतील, तर त्या फोल्डरमध्ये त्या ४० नावांच्या फाईली आहेत का, हे मॅक्रोने पाहावे आणि मगच 'काम पूर्ण' म्हणावे. काही जण 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही ओळ सर्वात वर टाकून मोकळे होतात. या ओळीने चूक दुरुस्त होत नाही, फक्त दिसेनाशी होते.

पत्ता चुकला तर 'एरर ७६' एवढेच दाखवू नये. 'हा फोल्डर सापडला नाही, पेनड्राईव्ह लावला आहे का पाहा' असे सरळ मराठीत सांगावे. मराठी संदेश मेसेजबॉक्सऐवजी सेलमध्ये दाखवला की अक्षरे बिघडत नाहीत.

मॅक्रो बाहेरून करून घेतला असेल तरी परीक्षा आपणच घ्यावी. त्याला एकदा कोरा पत्ता, एकदा शेवटची रेघ नसलेला, एकदा मराठी नावाचा आणि एकदा काढून ठेवलेल्या पेनड्राईव्हचा पत्ता द्यावा. शेवटची रेघ नसलेल्या व मराठी नावाच्या पत्त्यावर फाईली योग्य जागी पडल्या आणि उरलेल्या दोन्ही वेळी मॅक्रो कारण सांगून थांबला, तरच महिन्याची बिले त्याच्या हाती द्यावीत.