समालोचकावर विश्वास केव्हा ठेवावा?

यवतमाळात बसून मुंबईचा सामना रेडिओवर ऐकणाऱ्यास समालोचकाच्या डोळ्यांनीच पाहावे लागते. मग त्याच्या शब्दावर विश्वास कितपत ठेवावा?

बॉबी तल्यारखान यांनी १९३४ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांचे समालोचन केले. ते एकटेच बोलत. जोडीदार त्यांस रुचत नसे. वाणी मोहक खरी, परंतु एकाच साक्षीदाराची साक्ष पडताळावी कशी? पुढे मराठीतून समालोचन करणारे बाळ पंडित स्वतः रणजी सामने खेळलेले. त्यांच्या शब्दांस अनुभवाचे पाठबळ होते.

तथापि, आमच्या मते, केवळ अनुभव पुरेसा नाही. ‘फलंदाज बाद झाला’ ही वार्ता. ‘पंचांनी अन्याय केला’ हे मत. या दोहोंची जो गल्लत करीत नाही आणि आपल्या पक्षाची चूकही स्पष्ट सांगतो, तोच विश्वासास पात्र होय. विद्यार्थ्यांनो, वृत्तपत्र वाचतानाही हीच कसोटी लावावी.